विद्याधररावांचा बिनतारी बंगला

घाटकोपरच्या चाळीत, दोन खोल्यांत राहणारे विद्याधर कोठारे विमा कचेरीत कारकून होते, पण रुबाब राजदूताचा. सरकारी परवाना काढून त्यांनी लढाईनंतर भंगारात निघालेल्या लष्करी सेटवर हौशी रेडिओ केंद्र थाटलं होतं. शेजाऱ्यांना ते ओळख देत नसत. परदेशातल्या लोकांशी मात्र मोर्सच्या टिंब-रेघांतून तासन्‌तास गप्पा.

परवान्याच्या परीक्षेसाठी सराव हवा म्हणून त्यांनी बायकोला, रत्नप्रभाबाईंना, मोर्स शिकवलं. मॅट्रिक झालेल्या बाई रोज मोर्सची किल्ली, म्हणजे टिंब-रेघा ठोकायचा खटका, बडवून इंग्रजी मजकूर पाठवायच्या आणि हे ऐकून उतरवायचे. परवाना मिळाला, आणि बायकोला ही भाषा येते हेच साहेब विसरले.

चोपन्न सालच्या एका रविवारी सकाळी ते मेलबर्नच्या जॅकशी बोलत होते. बाई चहा घेऊन आल्या. किल्ली वाजत होती : "बंगल्याच्या बागेत बसलोय. मोलकरीण चहा घेऊन आली. जरा मंद आहे, पण प्रामाणिक."

बाईंनी कप ठेवला.

तेवढ्यात खाली "पाणी आलं!" अशी ओरड झाली. विद्याधररावांनी घाईने ठोकलं, "थांब, झाडांना पाणी घालून येतो," आणि बादली घेऊन ते जिना उतरले.

बाई खुर्चीत बसल्या.

"मोलकरीण बोलतेय. बाग नाही. साहेब नळावर भांडताहेत. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याशीच लग्न केलं. जरा मंद आहेत, आणि प्रामाणिकही नाहीत."

विद्याधरराव धापा टाकत परतले, तेव्हा सेटमधून जॅकचं "हाय हाय" चालू होतं. मोर्समध्ये हसायचं असलं की असंच ठोकतात. मग त्याने विचारलं, "मॅडम, पुढे?"

विद्याधररावांचा चेहरा उतरला, मग तापला.

"अगं, परवाना नसताना किल्लीला हात लावलास? गुन्हा आहे हा!"

"मग करा ना तक्रार. मी काय पाठवलं, तेही सांगा परवाना देणाऱ्या साहेबांना."

तक्रार कसली करतात! 'मोर्स आता जुनाट झालं' असं जाहीर करून त्यांनी मायक्रोफोन आणला. पण चाळीच्या भिंती पातळ. ते बोलू लागले की अख्खी गॅलरी कान देऊन उभी. खोटं बोलायची सोय गेली आणि खरं सांगण्यासारखं काही नव्हतं. रोज नुसती हवा सांगून सांगून परदेशी मित्र एकेक करून गळाले.

पुढच्या वर्षी रत्नप्रभाबाई रीतसर परवान्याची परीक्षा पास झाल्या. विद्याधररावांनी चाळभर सांगितलं, "मीच शिकवलं तिला." हे मात्र खरं होतं.