बाभळीखालचा ट्रॅक्टर

काकूला भुताची भीती दाखवणाऱ्याची धडगत नसे. "मेलेला मानूस काय करते? जे करते ते जिता मालक करते," असं ती चारचौघांत सुनवायची.

अंगणवाडीतली नोकरी संपली तेव्हा हाती आलेल्या पैशांतून तिनं जुना ट्रॅक्टर घेऊन दुरुस्त करायचं ठरवलं. केनवडला एक पाहिला, कारंज्याला दोन. कारंज्याचा एक तर हात लावताच सुरू झाला. काकूनं त्याच्या मडगार्डवर हात फिरवला. "गुनाचा हाय, पन आपला नाही."

"काहून वो काकू, सोयरीक जुळवून राह्यली का?" सोबत नेलेला मिस्त्री हसला.

तिला हवा होता आमच्याच गावच्या मालकाचा, बाभळीखाली गंजत पडलेला. काका त्या मालकाकडे ड्रायव्हर होता. नाल्याच्या उतारावर तोच ट्रॅक्टर उलटला आणि काका त्याखाली गेला. 'पेलेला होता,' मालक म्हणाला, आणि गावानं मान डोलावली. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस दारुडा ठरून चितेवर गेला. पुढं त्या ट्रॅक्टरवर काका बसलेला दिसतो म्हणून बोभाटा झाला. गिऱ्हाईक सोडा, त्याचा साधा नट काढायचीही कोणाची छाती झाली नाही.

म्हणूनच काकूनं तो घेतला. "भुतानं राखन केली त्याची," ती म्हणाली.

मिस्त्रीनं खाली शिरून पाहिलं. ब्रेकचा रॉड मधोमध तुटलेला, कुंपणाच्या तारेनं बांधलेला, आणि ती तारही तुटून लोंबत होती. काकू रडली नाही. माझं मात्र रक्त उसळलं. आमचं घर चळवळीतलं, तिथं पाळण्याआधी पत्रकं आली होती. मी तिथंच लिहायला बसलो. नरभक्षक सरंजामशाही, रक्तपिपासू मालक.

काकूनं सगळं ऐकून घेतलं. "एवढे मोठाले शब्द कायले पाह्यजे? लिव, तो पेलेला नव्हता. ब्रेक नव्हता. बस."

तेवढंच छापलं. घरोघर वाटलं, मालकाच्या दारातही टाकलं.

ट्रॅक्टर लाल रंगात उभा राहिला त्या दिवशी काकूनं स्वतः तो नाल्याच्या उतारावर नेला. सारं गाव बांधावर उभं होतं. अर्ध्या उतारावर तिनं ब्रेक दाबला. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला.

बऱ्याच वेळानं मी जवळ गेलो. "काकू, बंद कर इंजिन. उतर आता."

तिनं दोन्ही पाय ब्रेकवर रोवले होते.

"उतरू कशी?" ती म्हणाली. "खाली तुहा काका हाय."