अश्रूंना मी नाव दिलं

मंडळी, केनवडच्या वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद मीच, तुमचा नाटकाचा मास्तर, लावतो आहे.

दुपारी शोकांतिकेची तालीम होती. मेलेलं लेकरू म्हणून बाहुली, तिला झबलं हवं होतं. सामान ज्याचं त्यानं घरून आणायचं, ही आपली रीत. बापाचं काम करणाऱ्या गणपत माळ्यानं झबलं आणलं.

बाहुली उचलताच तो ढसाढसा रडला. मी मूर्ख! तालीम थांबवून सगळ्यांना शिकवू लागलो, “पाहा, शोक हा स्थायीभाव, हे अश्रू म्हणजे अनुभाव!”

गणपत म्हणाला, “मास्तर, थे नाव वहीत लिवून ठेवा. झबलं तेवढं मले वापस द्या.”

तेव्हा आठवलं. त्याच्या लेकीला माती द्यायला मी स्वतः गेलो होतो.

बाहुली आता उघडी आहे. सांगा, दुसरं झबलं मागायला मी कोणाच्या दारी जाऊ?