चोवीस अंश

मोबाइलचा पडदा कधीही कोरा दिसता कामा नये, ही आमच्या मालकांची एकच अट होती. त्या अटीतूनच पुढचं सगळं घडलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. अट त्यांची होती, हात माझे होते.

आखातातल्या या देशात, वफ्राच्या वाळवंटात, कंपनीची काकडी आणि टोमॅटोची हरितगृहं होती. ऑफिस मात्र दूर शहरात, सबाह अल-सालेमला, मालकांच्या व्हिलाच्या तळघरात. तिथे एसीखाली एक जुना सर्व्हर घरघरत असायचा आणि त्यावर मेसेज ब्रोकर नावाचा प्रोग्रॅम चालायचा. तो सांभाळणं हे माझं काम. ब्रोकर म्हणजे निरोप्या. प्रत्येक हरितगृहात तापमान मोजणारी एक पेटी होती. ती आपला आकडा ब्रोकरला कळवी आणि ज्याला तो आकडा हवा असेल त्याला ब्रोकर पोचवी. पेटीला ऐकणाऱ्याची ओळख नसे, ऐकणाऱ्याला पेटीची. दोघांचाही भरवसा मधल्यावर.

त्याला बटणं नव्हती, चित्रं नव्हती. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची, एंटर मारायचा. उतारवयात शिकलो म्हणून असेल, पण मला त्याचा फार अभिमान होता. एक ओळ लिहावी आणि दूर वाळवंटातल्या पेटीनं उत्तर द्यावं, यात मला आपण अजून उपयोगी असल्यासारखं वाटायचं.

मालक सुटीला खैरानच्या समुद्रकाठच्या बंगल्यावर जात आणि तिथून मोबाइलवर हरितगृहं बघत. पडदा उघडला की पेटीचा पुढचा आकडा येईपर्यंत चौकोन कोरे दिसत. ते त्यांना खपत नसे. मग मी पेटीच्या निरोपाला एक खूण जोडली: हा निरोप धरून ठेव. त्यानंतर ब्रोकर प्रत्येक पेटीचा शेवटचा आकडा जपून ठेवू लागला आणि कुणीही विचारलं की लगेच देऊ लागला. पडदा दर थोड्या वेळानं नव्यानं विचारी, त्यामुळे आकड्यापुढची वेळही ताजी दिसे. कोरे चौकोन गेले. मालक खूश झाले.

दुसरी गोष्टही मीच केली. पेटी जोडली जाताना ब्रोकरकडे एक निरोप आधीच ठेवून देऊ शकते: मी अचानक बंद पडले तर हे सगळ्यांना सांग. वफ्रातलं नेटवर्क सारखं तुटायचं, आणि दर वेळी मालकांच्या फोनवर धोक्याची घंटा वाजायची. ते वैतागले. मी ती सोय बंद केली. त्या आठवड्यात त्यांनी मला खजुराचा डबा पाठवला. घरी सगळ्यांनी तो आवडीनं खाल्ला.

आता ज्याच्यासाठी हे लिहितोय त्याच्याविषयी. तो सिंधुदुर्गातला, वफ्रात इलेक्ट्रिशियन. बायकामुलं गावी, स्वतः मळ्यातल्या पोर्टा केबिनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या तयार खोलीत, इतर चौघांबरोबर. ऑफिसात सामान न्यायला आला की मी त्याला चहा द्यायचो. मला काका म्हणायचा आणि माझ्या पुणेरी बोलण्याची नक्कल करायचा. सुपारीसुद्धा खात नसे. कुणी टोमणा मारला तर म्हणायचा, "माका नाद एकच, घराक फोन करूचो."

उन्हाळ्यात इथे दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. आमच्या मुकादमानं त्यातून वाट काढली होती. दुपारी माणसांना हरितगृहात पाठवायचं. आत पंखे असतात, ओल्या जाळ्यांतून गार हवा येते, पडद्यावर चोवीस अंश दिसतात. तक्रार कुणी करायची?

त्या दुपारी बाहेर धुळीनं आकाश पिवळं पडलं होतं. त्याचा फोन आला.

"काकानू, ह्या कोपऱ्यातल्या घराचे पंखे बंद पडले हत. मुकादम म्हणता भितुर जावन मोटर बघ."

"मग बघ की."

"दार उघडल्यार तोंडार वाफ येता. भट्टी झाली हा नुसती."

मी पडद्याकडे पाहिलं. "चोवीस दाखवतंय. दार उघडलंस की बाहेरचीच झळ लागते रे तुला."

"चोवीस?" तो हसला. "तुमचो पडदो शाणो, आणि मी खुळो!"

"अरे, उन्हात उभा राहण्यापेक्षा आत जा. निदान सावली आहे."

"बरा. तुमी सांगतास म्हणान जातंय."

त्या आठवड्यात त्यानं गरम होतंय म्हणून आधीही फोन केले होते आणि मी कंटाळलो होतो. हाती आलेला निरोप जुना आहे की ताजा, हे दाखवणारी एक आज्ञा आहे. एका ओळीची. मी ती दिली नाही.

पुढचा फोन मुकादमाचा. तो हिंदीत ओरडत होता, "अरे, आपके आदमी ने पी रखी है! लड़खड़ा रहा है, कुछ भी बक रहा है, उल्टी कर रहा है!"

मुकादमामागून त्याचा आवाज येत होता. घरातल्या कुणाला तरी हाका मारत होता. जीभ जड झाली होती. पाणी आणायला सांगत होता की आणखी काही, मला कळलं नाही.

तेव्हा मी ती आज्ञा दिली. चोवीस हा आकडा सकाळचा होता. त्या हरितगृहाची वीज गेली तेव्हा पंख्यांबरोबर पेटीही बंद पडली होती. मेलेल्या पेटीचा शेवटचा शब्द ब्रोकर दुपारभर इमानानं सांगत राहिला होता, आणि मी तो त्याला ऐकवला होता. तो प्यालेला नव्हता. त्याला उष्माघात झाला होता आणि हे त्या क्षणी जगात फक्त मला माहीत होतं.

मी म्हणालो, "अँब्युलन्स बुलाओ."

"पुलिस आएगी, काका. दारू का मामला है. सब अंदर जाएँगे."

या देशात दारूला बंदी आहे, त्यामुळे मुकादमाची भीती खरी होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं: दारू नाही, आत भट्टी झाली होती, पडदा खोटा आहे. मग त्यांनी त्याला पाण्यानं भिजवलं असतं, दवाखान्यात नेलं असतं. पण ते वाक्य उच्चारलं की दुसरं वाक्य आपोआप येणार होतं, पडदा खोटा कुणी केला हे सांगणारं. मी म्हणालो, "देखो, जैसा ठीक लगे." त्यांनी त्याला नशा उतरायला म्हणून केबिनमध्ये निजवलं आणि दार ओढून घेतलं.

मी ब्रोकरला आणखी एक आज्ञा दिली. धरून ठेवलेला निरोप पुसायचा असेल तर त्याच पत्त्यावर रिकामा निरोप पाठवतात. मी रिकामा निरोप पाठवला. कोपऱ्यातल्या हरितगृहाचा चौकोन कोरा झाला; सकाळचा चोवीस कुठेच उरला नाही.

ते त्याला दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा फार उशीर झाला होता. मृत्यूच्या दाखल्यावर हृदय बंद पडलं असं आलं. कंपनीच्या मॅनेजरनं मला विचारलं, "दुपारी पडद्यावर चोवीसच होतं ना?" मी म्हणालो, "होतं." शब्दशः खरं उत्तर. कागदावर काहीही असो, मळ्यात दारूचंच नाव झालं आणि शवपेटीच्या आधी ते गावी पोचलं.

मी आता निवृत्त आहे, याच देशात मुलीकडे राहतो. गेल्या महिन्यात केस कापायला गेलो, तेव्हा शेजारच्या खुर्चीत त्याच्याच वाडीतला एक सुतार निघाला. ओळख निघाली तसा हसून म्हणाला, "तो काय? दारवेन गेलो. त्याच्या झिलाक अजून पोरा बाटली म्हणान चिडवतत." बापावरून मुलाला चिडवतात हे ऐकून न्हावीही हसला. आरशात माझाच चेहरा समोर होता.

मी सुताराकडून नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्या गेलेल्याच्या बायकोला गावी फोन केला.

"कोण बोलतास?"

मी सांगितलं. ती ओळखीनं म्हणाली, "तुमी चाय देणारे काका? ते सांगत तुमच्याबद्दल."

मग मी सगळं सांगितलं. पडदा, पेटी, त्याचा फोन, माझं उत्तर, मुकादमाला जे सांगितलं नाही ते. फोन तुटला की काय असं वाटून मी थांबलो. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"ताई?"

"आयकतंय."

"त्यांनी घेतलेली नव्हती. एवढं तुम्हाला कळावं म्हणून..."

"माका?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माका कित्याक सांगतास? मी त्यांच्यावांगडा संसार केलंय. माका तेव्हाच ठावक होता. ज्यांका ठावक नाय त्यांका सांगा."

"मी सविस्तर लिहून पाठवतो. गावात सगळ्यांना वाचून..."

"कागद धाडू नकात. बाईच्या हातातलो कागद कोण आयकूचो नाय. जत्रेक येवा. सगळो गाव जमता. देवळाफुडे उभे ऱ्हवा नि तोंडान सांगा. माझो झील थय आसतलो."

"ते मला काय करतील, ताई?"

"ता माका काय म्हायत?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

जत्रा दिवाळीनंतर आहे. मुलीला मी गावाकडच्या कामासाठी जातोय एवढंच सांगितलंय. तिनं तिकीट काढून दिलं आणि विचारलं, परत कधीचं काढू? मी म्हटलं, तिथून कळवतो.

हे लिहून काढलं ते आठवणीतून काही निसटू नये म्हणून. विशेषतः "जैसा ठीक लगे" हे वाक्य. ते वगळून सांगायचा मोह मला आत्ताही होतो आहे. कागद मात्र इथेच ठेवून जाईन. देवळापुढे उभं राहून सगळं याच क्रमानं सांगेन, आणि त्या मुलाकडे बघून सांगेन.