बाबांच्या घाऱ्या डोळ्यांची तपासणी

दिनांक १७ जून २००६, शनिवार. रक्कम दोनशे अठ्ठ्याण्णव डॉलर, म्हणजे एकशे एकोणपन्नासचे दोन डीएनए तपासणी संच, एक बाबांसाठी, एक आजोबांसाठी. स्थळ, अमेरिकेतल्या शॉमबर्गमधलं आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, माझी बायको, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले बाबा आणि शेजारचे ग्रीक आजोबा.

हे आजोबा निवृत्त हॉटेलवाले. बाबांना पाहून पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "हे डोळे आमच्या बेटावरचे. तू माझा भाऊ!" बाबांना एवढंच हवं होतं. आमचे पूर्वज गलबतातून कोकण किनाऱ्याला लागले आणि ते ग्रीक होते, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पुरावा म्हणजे बाबांचे घारे डोळे. माझे काळे निघाले, त्याचा दोष आईच्या माहेराला.

पैज लागली. गालाच्या आतून ब्रश फिरवून पाठवला की बापाचा बाप, त्याचा बाप अशी सरळ वंशरेषा कोणत्या गटातली ते कळतं. बाबांचा गट ग्रीसमध्ये आढळणारा निघाला तर दोन्ही संचांचे पैसे आजोबा देणार, नाहीतर बाबा. तोवर माझ्या कार्डावर.

संच येईपर्यंत मी आमचा कुलवृत्तांत काढून बाबांना धरून मागे अकरा पिढ्यांची नावं कागदावर उतरवली. संच आले त्या दिवशी बाबा ब्रश हातात धरून त्या कागदाकडेच बघत बसले.

"बाबा, गाल घासायचाय, रांगोळी नाही काढायची," बायको म्हणाली.

सात आठवड्यांनी निकाल आला. बाबांचा गट जे-टू. तो ग्रीसमध्ये आढळतो, तुर्कस्तानात, इराणात आणि आपल्याकडेही. एवढ्यावरून कोणी ग्रीक ठरत नाही, हे मी दोनदा सांगितलं.

"ग्रीस लिहिलंय ना? मग मी हरलो!" आजोबांनी चेकबुक काढलं. इतक्या आनंदानं पैज हरलेला माणूस मी पाहिलेला नाही.

बाबांनी त्यांचा हात धरला. "थांबा. मी जिंकलेलो नाही." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तुझे आजोबा दत्तक होते. पाच वर्षांचे असताना त्यांच्या मावशीला दिले. गलबताची गोष्ट या घराची. गाल त्या घराचा."

मी कागद पुढे ओढला. अकरापैकी नऊ पिढ्यांचा त्या गालाशी काही संबंध नव्हता. कुलवृत्तांतात 'दत्तक' असं छापलेलंही होतं. मी फक्त नावं उतरवून घेतली होती.

"आधी का नाही बोललात?"

"तू सगळं कॅन्सल केलं असतंस. मला त्या घराचं काहीतरी हातात हवं होतं रे. वडिलांनी त्या घराचं नाव कधी काढलं नाही. पाच वर्षांच्या मुलाला आई आठवत नसेल का?"

मी इंग्रजीत सगळं सांगितल्यावर ग्रीक आजोबांनी बाबांना एकच विचारलं, "तुझ्या वडिलांचे डोळे कसे होते?"

"असेच. घारे."

"मग तू त्या घराकडून माझा भाऊ." आणि त्यांनी चेक लिहायला घेतला. बाबा ऐकेनात. दोघांची बरीच हुज्जत झाली. शेवटी बायकोनं निकाल दिला की ज्याचा गाल त्याचा खर्च.

आजोबांनी माझ्या नावे एकशे एकोणपन्नास डॉलरचा चेक दिला. बाबांचे तेवढेच मी भरले. नोव्हेंबरात पुण्याला परतल्यावर बाबांनी निकालाची झेरॉक्स आणि पाचशे एक रुपयांची मनीऑर्डर त्यांच्या वडिलांच्या जन्मघरी पाठवली, तिथे आता राहणाऱ्या चुलत पुतण्याच्या नावे. निरोपाच्या जागी वडिलांच्या वतीनं लिहिलं होतं: तुमच्या घरातून दत्तक दिलेल्या मुलाकडून.