तारेखालून आडवी गेलेली काठी

जळगावहून निघालो तो पाटणादेवीला. पण चाळीसगावला शेवभाजी चापत बसलो आणि बस गेली. स्टेशनात धुळ्याची गाडी उभी होती, तिकीट शेवभाजीपेक्षा स्वस्त. बसलो.

खिडकीतून फोटो काढावा तर प्रत्येकात विजेची तार. शेजारच्या सुनंदाअक्का जत्रेसाठी माहेरी निघाल्या होत्या. त्यांना म्हटलं, कोलकात्याच्या मेट्रोला तिसरा रूळ असतो, करंट त्यातून येतो, वर सगळं मोकळं. अक्का सावरून बसल्या. म्हणाल्या, हे माझ्या भावाला येऊन सांग.

धुळ्याच्या अलीकडे एका चिमुकल्या स्टेशनावर उतरलो. (पाणी सोबत ठेवा, तिथे काही मिळत नाही.) अक्कांचे भाऊ नाना दरवर्षी देवाची काठी धरतात: शेंदूर माखलेला दोन माणसं उंच बांबू, टोकाला निशाण, आणि तो पुन्हा उंच दांड्यावर बांधलेला. रुळांपलीकडच्या देवळापर्यंत ती आडवी करायची नाही आणि दुसऱ्याने धरायची नाही, हा नेम. तार आल्यानंतरची ही पहिलीच जत्रा.

मिरवणूक फाटकाशी अडली. फाटकवाला हात जोडून सांगत होता, तारेला शिवायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी करंट ओढून घेतो. नाना ढिम्म. अक्कांनी मला पुढे ढकललं. मी तिसऱ्या रुळाचं सांगितलं, तशी गर्दी खूश झाली. कुणी म्हणालं, अर्जच करू.

नानांनी विचारलं, "तो रूळ उघडा राहस का?"

मी सांगितलं, हो, म्हणूनच तो बोगद्यात नाहीतर कुंपणात असतो, तिथे कुणी रूळ ओलांडत नाही.

नाना पलीकडे बघत राहिले. रुळांच्या कडेला शेळ्या चरत होत्या. डोक्यावर भाकरीची टोपली घेतलेली एक बाई फाटकातून शेताकडे चालली होती.

"मंग बकऱ्या बठ्ठ्या मरतीन. नहीतं कुंपण घाला, मंग आम्ही आठे, देव तठे. तार वरच बरी शे."

आणि त्यांनी स्वतःच काठी खाली घेऊन आडवी केली. अक्कांनीच डिवचलं, "काय भाऊ, देव झोपना का?"

"चालून चालून थकना व्हई. तू टोक धर."

बाईमाणसाने काठीला आजवर हात लावला नव्हता. अक्कांनी पिशवी माझ्याकडे फेकली आणि टोक धरलं. पुढे बहीण, मागे भाऊ, तारेखालून रूळ पार.

पारोळामार्गे एसटीने घरी आलो. पाटणादेवी राहिली, धुळंही धड पाहिलं नाही. आठवतं ते एवढंच: पंगतीत पानं वाढली गेली तरी अक्का शेंदराचे हात धुवायला तयार नव्हत्या. शेवटी नानांनी त्यांना वरण-बट्टीचे दोन घास भरवले.