उजवीकडचं स्टेअरिंग

मस्कतवाल्या मामाजींना तोंडी नकार चालत नसे. साहेबानं मान हलवली की ते खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "नाई म्हणाचं असन तं कागदावर लिहून द्या. हवेतला नाई मी घरी नेत नाई." तिरोड्यात तहसीलसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. त्यांचे सगळे अर्ज मीच टाईप केले आणि बोलणीही मीच खाल्ली. 'नम्र विनंती' दिसली की ते ती खोडायला लावत.

बावीस वर्षं ते मस्कतच्या गॅरेजात मिस्त्री होते. शेवटी तिथेच त्यांनी स्वतःची गाडी घेतली. इकडे धानाची शेती सांभाळणाऱ्या मामीजींना प्रत्येक सुट्टीत एकच वचन मिळे: माझ्या गाडीत बसवून फिरवीन. "इथंच एखादी घ्या ना," मी एकदा म्हणून पाहिलं. "कायले?" ते म्हणाले. "तिचा एक-एक नट मले ओळखतो." मी पुढची ओळ टाईप करू लागले.

बाहेरून गाडी आणायचे नियम त्यांना तोंडपाठ होते. वापरलेली गाडी तीन वर्षांच्या आतली हवी आणि स्टेअरिंग उजवीकडे हवं. तिकडच्या गाड्यांचं असतं डावीकडे. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. मामाजी मालकाच्या गॅरेजात आठ महिने खपले आणि स्टेअरिंग, पेडल, सगळं उजवीकडे आणलं. मग नोकरी सोडून गावी आले आणि ऐटीत अर्ज घातला.

पण चूक वर्षं मोजण्यात झाली होती. तीन वर्षं त्यांनी गाडी घेतली त्या दिवसापासून मोजली. सरकार मोजतं गाडी बनली तेव्हापासून, आणि ही तर जवळजवळ वर्षभर शोरूममध्येच उभी होती. नकार आला, अगदी लेखी. आता गाडी इथे येऊ शकत नव्हती, आणि उजव्या स्टेअरिंगची झाल्यामुळे तिकडच्या रस्त्यावरही चालत नव्हती. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मामाजींनी पत्राची घडी करून खिशात घातली.

मुंबईच्या एका एजंटनं फोनवर वाट दाखवली, "काका, काट के ला लेते हैं. पुर्जे लिखवा देंगे, उधर जोड़ लेना."

"चोर हूँ क्या मैं?" मामाजींचा आवाज समोर तहसीलपर्यंत गेला असेल. "गाडी माही, मेहनत माही. येईन तं समोरच्या दारानं येईन."

"मग आता भंगारात देणार?" मी विचारलं.

"काऊन? जसं काढलं तसं बसवतो."

साठी उलटलेला माणूस पुन्हा मस्कतला गेला आणि स्टेअरिंग डावीकडे बसवून चार महिन्यांनी परत आला. मला वाटलं, हट्ट संपला. पण ते मामीजींना घेऊन दुकानात आले, व्हिसाचा अर्ज भरायला. त्या बाईंनी गोंदियाच्या पुढे कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांचा मुलगा चिडला, गाव हसलं. मामाजी म्हणाले, "गाडीले इथं बंदी हाय. बायकोले तिथं बंदी नाई. कानून मी पुरा वाचला हाय."

ते दोघं मस्कतला गेल्यापासून दुकान सुनंसुनं वाटतं, मला त्यांची फार आठवण येते. काल मामीजींचा व्हिडिओ कॉल आला. समुद्राकाठचा रस्ता, बाजूला मामाजी, नजर समोर.

"कशी आहे गाडी, मामीजी?"

"गाडी बरी हाय, बाई. पर हे थांबवून नाई राहिले. सकाळपासून फिरवूनच राहिले."