पंचांना न दाखवलेलं पान

पेंटरवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी सव्वातीन वाजता, तांड्यांवर काम करणाऱ्या आपल्या संघटनेच्या मानोऱ्याच्या कार्यालयात. करणारी मी. खोलीत आपण अकरा जण होतो. 'आपण' मुद्दाम लिहिते आहे, कारण संघटनेच्या पत्रिकेचा हा अंक ज्यांच्या हातात पडेल त्यातले बरेच जण त्या दिवशी तिथेच सतरंजीवर बसलेले होते.

जे नव्हते, त्यांना पेंटर कोण ते सांगायला हवं. पेंटर कोणतंही पान सहा फुटांवरून, डोळे बारीक करून बघायचे. पान म्हणजे वेबसाइटचं. मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं एका शटरचं दुकान. अर्धं आयुष्य पाट्या, शाळांच्या भिंती आणि निवडणुकीतली चिन्हं रंगवण्यात गेलं. फ्लेक्स आले, ब्रश वाळले. तेव्हा हा माणूस चाळिशी ओलांडल्यावर दहावी झालेल्या पोरांच्या बाकावर बसून संगणक शिकला आणि वेबसाइट बनवायला लागला. कृषी केंद्राची, मंगल कार्यालयाची, एकदोन शाळांची. नाव मात्र पेंटरच राहिलं. संगणक टेबलावर असायचा आणि हे दाराशी, झोप लागल्यासारखे डोळे करून. "अक्षर दिसून नाई राह्यलं," म्हणायचे.

"काका, लोक मोबाइल हातात धरून बघतात. सहा फुटांवरून नाही," मी म्हणायचे.

"उन्हात बसलेल्या बाईले हातातलं बी सहा फुटांवरचंच दिसते वं."

दुसरी सवय थोडी अडचणीची होती. पानाला रंग, आकार, मांडणी देणारा जो भाग असतो, सीएसएस, तो ते आधी काढून टाकायचे आणि नुसता मजकूर वाचायचे. कपडे काढल्यावर पान उभं राहतं का, हे बघायला. पहिल्यांदा आमच्या कार्यालयात येऊन ते मोठ्यानं म्हणाले, "पह्यले कपडे काढून पाहू." चहा ओतत असलेल्या दोघीजणी थांबल्या. पेंटर कानापर्यंत लाल झाले. "तसं नाई वं माय! पानाचे, पानाचे!" त्यानंतर वर्षभर आम्ही त्यांना त्यावरून छळलं.

आणि पंच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी पाच जुने फोन ठेवले होते. एकाची काच तडकलेली, एकाचं मागचं झाकण रबरानं धरलेलं, एक बायकोचा, ज्यावर अजून तिच्या भजनी मंडळाचे निरोप यायचे. या पाचांना ते पंच म्हणत. पान पाचही फोनवर उघडायचं, तळाच्या बटणापर्यंत जायचं, ते दाबायचं, मगच पान लोकांना द्यायचं. मंगल कार्यालयाच्या मालकाला त्यांनी दोन दिवस लटकवून ठेवलं होतं, कारण चौथ्या पंचाला फुलांची माळ फोन नंबरावर पडलेली दिसत होती. मालक तणतणला. पेंटरनी त्याला विचारलं, "नवरदेवाचा बाप फोन कोनाले लावन मंग, फुलाले?"

दिवाळी झाली की मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आईबाप गेले की मुलंही जातात आणि शाळा सुटते ती सुटतेच. मुलांना मागे ठेवून घ्यायला हंगामी वसतिगृह असतं, पण कोणती मुलं राहणार त्याची यादी आधी द्यावी लागते. ही यादी आम्ही दरवर्षी कागदावर करायचो. गेल्या वर्षी मी जाहीर केलं की कागद बंद. आईनं स्वतःच्या फोनवर आपल्या लेकराचं नाव टाकायचं, कोणाच्या मागे फिरायचं नाही, कोणाची मिन्नतवारी करायची नाही. घोषणा झकास होती. पान बनवायला पेंटर होते, तेही त्यांची इतर कामं बाजूला ठेवून.

प्रश्न आला की फ्रेमवर्क कोणतं घ्यायचं. फ्रेमवर्क म्हणजे रंग, बटणं, चौकटी यांचा तयार संच, म्हणजे प्रत्येक गोष्ट हातानं लिहीत बसावं लागत नाही. पेंटरचा फ्रेमवर्कलाच विरोध होता, असं मी नंतर लोकांना सांगत सुटले. ते खोटं आहे. त्यांनी स्वतः निवडणुकीत भिंतीच्या भिंती स्टेन्सिलनं मारल्या होत्या.

"स्टेन्सिल वाईट नाई," ते म्हणाले, "पन भिंत पाहून स्टेन्सिल उचला लागते. आपली भिंत म्हंजे तांड्यावरचा फोन. जुना, फोटोनं भरलेला, अपडेट कदी केला नाई. त्याले झेपन असं घे."

त्यांनी एक लहानसं दाखवलं. एकच फाइल, साधे रंग, बटणांवर काळी अक्षरं. मला ते सरकारी अर्जासारखं वाटलं. मला पुण्याच्या शिबिरात पाहिलेलं हवं होतं. सगळ्यात नवी आवृत्ती, गोल कोपरे, मऊ सावल्या, निळ्या बटणावर पांढरी अक्षरं. "गरिबांचं म्हटलं की ते दळभद्रीच दिसलं पाहिजे का?" मी विचारलं. हा प्रश्न चुकीचा नाही, आजही मी तो कोणालाही विचारेन. पण त्या दिवशी मी तो उत्तर ऐकायला विचारला नव्हता, समोरच्याचं तोंड बंद करायला विचारला होता. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. "काका, तुमचं डोकं अजून चुन्याच्या भिंतीतच अडकलंय," असंही म्हणाले. दोघंतिघं हसले. पेंटरही हसले, जरा उशिरा.

"बरं, तुह्या मनासारखं करतो. पन पंचांले दाखवू दे."

यादी द्यायला दहा दिवस होते. पंचांना एक संध्याकाळ पुरली असती. मी म्हणाले, वेळ नाही. पान झालं त्याच दुपारी लिंक सगळ्या तांड्यांवर पाठवली.

त्या सोमवारी बारा वाजता यादी बंद झाली, तेव्हा आमच्याकडे मोजकीच नावं आली होती. शांताबाईंच्या तांड्यावरून एकही नाही. आणि या शांताबाई म्हणजे आमच्या सगळ्यात हिमतीच्या कार्यकर्त्या. घरोघर फिरून बायांना अर्ज कसा भरायचा ते त्यांनी शिकवलं होतं. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "पान बनवलं कोनी?"

घड्याळ माझ्यासमोर होतं. मी म्हणाले, "पेंटरनी."

खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सोपं गेलं. निवड माझी होती, घाई माझी होती, पंचांना बसू दिलं नाही तेही मीच, आणि यातलं काहीच कोणी विचारलं नव्हतं. पेंटर म्हणाले, "काय झालं ते पाहून सांगतो." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. इतिवृत्तात ओळ पडली, 'पान बनवणारे पेंटर यांच्या चुकीमुळे नावे पोहोचली नाहीत.' अक्षर माझं आहे. इतिवृत्त मीच लिहिते.

बुधवारी ते शांताबाईंचा फोन तासाभरासाठी मागून घेऊन आले. "बटन दाखव," म्हणाले. मी पान सरकवत खाली नेलं. मुलीचं नाव, इयत्ता, शाळा, आणि त्याखाली पांढरी मोकळी जागा. बटण नव्हतं.

"हाये," पेंटर म्हणाले. "इथं बोट ठेव."

मी मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि अर्ज गेला.

माझ्या त्या लाडक्या नव्या आवृत्तीत रंग लिहायची पद्धतच नवी होती. जुन्या फोनच्या ब्राउझरला ती कळली नाही, त्यानं निळा रंग सोडून दिला. पांढरी अक्षरं तेवढी कळली. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं. पहिल्याच पंचानं हे ओरडून सांगितलं असतं. शांताबाईंनी आणि त्यांनी शिकवलेल्या प्रत्येक बाईनं अर्ज पूर्ण भरला, खाली काही उरलं नाही म्हणजे झालं असं समजल्या, आणि फोन पदराला पुसून ठेवून दिला.

मी तावातावानं शिक्षण विभागाच्या कार्यालयात जाऊन भांडून आले. यादी वर गेली होती. परत येऊन पेंटरना म्हणाले, "पुढच्या बैठकीत मी सगळं सांगते."

"बैठकीचं राहू दे. शांताबाईची पोरगी मायशी बोलून नाई राह्यली. तिले वाटते मायनं नाव टाकलंच नाई, लहान्या भावाले सांभायाले संग न्याचं म्हनून. तिले सांग पह्यले."

"सांगते," मी म्हणाले.

त्यानंतर तीन बैठका झाल्या. तिन्हींचं इतिवृत्त मी लिहिलं. मधल्या काळात मी चार पत्रकं काढली, सगळी दुसऱ्यांच्या बेजबाबदारपणावर. शब्द कुठे अडले नाहीत.

होळीला तांडा परतला तेव्हा मी गेले. शांताबाईंच्या मुलीची, कोमलची, आठवी बुडाली होती. मनगटांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. मी मनाशी एक गोलमाल वाक्य जुळवून आणलं होतं, त्यात 'तांत्रिक अडचण' हे शब्द होते. ते बोलायची वेळच आली नाही.

"पेंटरकाका आलते नं गाडी निघाच्या आंधी," ती म्हणाली. "सगळ्याईच्या पुढं बोलले, पोरी, तुह्या मायनं नाव भरलं होतं, म्या पाह्यलं. पान माह्यं होतं, चूक माही."

"मग?"

"मंग काय. आबानं लय शिव्या देल्ल्या त्याईले. ते आयकत राह्यले." आबा म्हणजे तिचे वडील. मग ती आईकडे बघून हसली. "पन मायशी बोलली मी मंग."

शांताबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी विचारलं, "तुमी काहून उभ्या? बसा नं." मी बसले. "हो का," एवढंच म्हणाले, चहा प्यायले, बस पकडली.

पेंटर आता आपल्याकडे येत नाहीत. भांडण नाही, कोणी काढलंही नाही. धनजकडे शाळेच्या भिंती रंगवतात. फोन केला तर उचलतात, "बोल पोरी" म्हणतात, आणि मी कामाचं काहीतरी बोलून ठेवून देते. पंचांचा डबा ते कार्यालयात ठेवून गेले, चार्जरसकट. मी प्रत्येक पान त्या पाचांना दाखवते, तळाच्या बटणापर्यंत जाते. नव्या मुली विचारतात, ताई, हे कुठे शिकलात? परवापर्यंत मी सांगत होते, अनुभवानं.

आता मागणी. पुढच्या बैठकीत ती ओळ खोडून तिथे माझं नाव लिहायचा ठराव मी मांडणार आहे. त्या सोमवारी तुम्ही मान डोलावली होती, या वेळी हात वर करा. पण तांड्यावर इतिवृत्त कोणी वाचत नाही, तिथे अजून पेंटरच दोषी आहेत. म्हणून हात खाली घेऊन घरी जाऊ नका. बैठक संपली की माझ्यासोबत बसमध्ये बसा. शांताबाईंच्या दारात, आबांसमोर, कोमलसमोर माझ्या शेजारी उभे राहा. आणि चूक माझी आहे असं सांगता सांगता मी 'पण' म्हणायला लागले, तर मला तिथेच थांबवा.